घडीचं शिल्प करताना दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न (सांगली, डिझाईन क्लास, पहिलं सेमिस्टर)

दरवर्षी जुलै आला की माझ्या मोबाईलवर रात्री अकरा वाजता फोटो यायला लागतात, अर्धवट दुमडलेला कागद, शेजारी चहाचा कप आणि खाली "ताई हे असं का होतंय". उत्तरं तीच असतात, टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. विश्रामबागला आमचा छोटा क्लास आहे, मी सरांना मदत करते, फाउंडेशनच्या मुलांचं पेपर फोल्डिंग माझ्याकडे असतं. आधी सगळं वाचा, मग मेसेज करा, आणि मेसेज करताना कागद कुठला घेतला तेवढं लिहा प्लीज.

ताई, नेमकं करायचंय काय?

एक कागद घ्यायचा, फक्त घड्या घालायच्या, कापायचं नाही, चिकटवायचं नाही, आणि तो टेबलावर स्वतःच्या जोरावर उभा राहिला पाहिजे. बस्स. हत्ती नको, मोर नको, गणपती तर नकोच (दरवर्षी निदान दोघं गणपती करतात, भाद्रपद जवळ असतो ना). घडीमुळे कागदात ताकद कशी येते आणि सावली कशी पडते हे दिसलं पाहिजे. साईज साधारण एक फुटाच्या आत.

फेविकॉलचा एक थेंब पण नाही? कोणाला कळतंय?

कळतं. चिकटवलेली जागा कडक होते आणि तिथून कागद वाकायचं थांबतो, हातात घेतल्या घेतल्या समजतं. आणि गोंद बंद करण्यामागं कारण आहे. गोंद हाताशी असला की डोकं घडीवर चालतच नाही, दोन तुकडे केले आणि जोडले, झालं काम. गोंद काढून घेतला की मग माणूस विचार करायला लागतो की ही बाजू उभी राहत नाही तर घडी कुठं घालू.

ही आयडिया आमच्या सरांची नाही. जर्मनीत बाउहाउस नावाची डिझाईन शाळा होती, तिथं योसेफ आल्बर्स पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच करायला लावायचे, १९२७-२८ च्या आसपासचे फोटो बघितले तर आत्ता आपल्या क्लासमध्ये जे होतं तेच तिथं टेबलावर मांडलेलं दिसतं. ते मुलांसमोर वर्तमानपत्रं ठेवायचे आणि सांगायचे, यातून काहीतरी करा, कागद वाया घालवू नका, कागदाला कागदासारखंच वागू द्या. म्हणजे कागदातून किल्ला किंवा जहाज करू नका, कागद जे करू शकतो ते शोधा. शंभर वर्षं होत आली, मुलं अजून जहाजच करतात.

माझे वडील विचारतायत, कागद दुमडायला फी कशाला?

हा प्रश्न दर बॅचला येतो, आणि मला आवडतो. एका मुलीचे बाबा क्लासमध्येच आले होते, मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं दुकान. म्हणले, "मॅडम, आमी पुड्या बांधतोय की रोज, त्यात काय शिकायचं." मी त्यांना एक ए४ कागद दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर आडवा ठेवून दाखवला, मधे वीसेक सेंटीमीटर अंतर. वर नुसता पेन ठेवला तर कागद खाली. मग त्याच कागदाला बोटभर रुंदीच्या पंख्यासारख्या घड्या घातल्या, परत ठेवला, वर एक पुठ्ठा टाकला म्हणजे घड्या फाकत नाहीत, आणि त्यांचाच मोबाईल ठेवला. राहिला. ते दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणले, "पत्र्याचं शेड!" तेच, पन्हळी पत्रा. सपाट पत्रा अंथरला तर माणूस त्यावरून चालू शकणार नाही, तोच पत्रा नागमोडी केला की गोडाऊनचं छप्पर होतं. मटेरियल तेच, वजन तेवढंच, फक्त त्याला उंची मिळाली. सपाट कागद नुसता जाड घेऊनही ताठ होतो, जाडी दुप्पट केली तर ताठपणा जवळपास आठपट होतो, पण मग कागदही दुप्पट लागतो. घडी घातली की जादा कागद न वापरता काम होतं.

आणि पुडीचं म्हणाल तर भडंगाची पुडी बांधणाऱ्याला घडी आपल्यापेक्षा जास्त कळते. शेवटचं टोक आत खोचून लॉक करतो तो, दोरा नाही, टेप नाही. आमच्या क्लासला अर्धे मार्क त्यालाच द्यावे लागतील.

कुठला कागद घेऊ?

प्रॅक्टिसला वर्तमानपत्र आणि झेरॉक्सचा कागद, ७०-८० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ए४ चे १६ कागद लावले की एक चौरस मीटर होतो, म्हणजे ८० जीएसएमचा एक ए४ पाच ग्रॅमचा. फायनलला १२० ते १८० मधला कार्ट्रिज (ड्रॉइंगचा जाडसर कागद) घ्या. हरभट रोडला किंवा कॉलेजजवळ कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतो, फुल शीट घ्या (२२ बाय २८ इंची असते), त्यात चार प्रयत्न होतात. आयव्हरी कार्ड २५०-३०० चं घेऊ नका, दिसायला गुळगुळीत पण घडीवर पांढरी भेग पडते आणि बारीक घड्या एकमेकांत बसतच नाहीत. चकचकीत कोटिंगवालं गिफ्ट पेपर तर अजिबात नको, एक घडी चुकली की ती जन्मभर दिसते. ब्राऊन क्राफ्ट पेपर चालतो, मला स्वतःला तोच आवडतो, पुस्तकांना कव्हर घालतो तो, स्वस्त आहे आणि घडी खूप छान धरतो, फक्त मॉडेल थोडं पार्सलसारखं दिसतं. हातकागद मिळाला तर वक्र घड्यांना बघा, सरळ बारीक घड्यांना त्याचे लांब धागे त्रास देतात.

घडी फाटल्यासारखी का दिसते? मी तर स्केल लावून घातली.

ग्रेन. नव्वद टक्के वेळा ग्रेन. कागद मशीनवर बनताना त्याचे तंतू एका दिशेला झोपतात, ती ग्रेनची दिशा. तंतूंच्या दिशेनं घडी घातली की साफ पडते, आडवी घातली की तंतू मोडतात आणि घडीवर खरखरीत केस उठल्यासारखे दिसतात. ओळखायचं कसं? कोपऱ्यातून एक पट्टी फाडा, सरळ फाटली तर ग्रेन त्या दिशेला, वेडीवाकडी फाटली तर आडवा. किंवा कागद न दुमडता हळूच वाकवून बघा, ज्या दिशेनं सहज गोल होतो त्या गोलाच्या आसाला ग्रेन समांतर. दुकानदाराला विचारू नका, तो "तसलं काय नसतंय" म्हणणार.

जाड कागदाला आधी स्कोअर मारा. रिफिल संपलेला पेन घ्यायचा, स्टीलची पट्टी ठेवायची, आणि रेघेवरून दाबून ओढायचा, कागद कापायचा नाही, नुसती वाट पाडायची. बोन फोल्डर (घडी दाबून घासायचं चपटं साधन) मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घडी घासा. नखानं घासू नका, कागद मळतो आणि नखही.

माउंटन आणि व्हॅली यात सारखा गोंधळ होतो.

कागद टेबलावर आहे. घडी तुमच्याकडे टोक करून वर आली की डोंगर, खाली खोल गेली की दरी. कागद उलटा केला की डोंगराची दरी होते, म्हणून कागदाच्या एका बाजूला पेन्सिलनं बारीक "वर" लिहा आणि ती बाजू सोडू नका. डॉट-डॅशच्या रेघांनी डोंगर-दरी दाखवायची पद्धत आणि बाण ही सगळी अकिरा योशिझावा या जपानी माणसाची देणगी, १९५४ च्या त्याच्या पुस्तकापासून ती जगभर गेली. आम्ही सोप्पं केलंय, डोंगर लाल पेन्सिलनं, दरी निळ्या पेन्सिलनं. फायनलवर पेन्सिल नको, स्कोअरच पुरे.

सगळं बरोबर मारलं तरी मॉडेल चपटं मिटत नाही. कुठं चुकलं?

इथं थोडं गणित आहे, घाबरू नका, बेरीजच आहे. जिथं घड्या एका बिंदूत मिळतात तिथं दोन गोष्टी तपासा. पहिली, डोंगर किती आणि दऱ्या किती मोजा, फरक दोनच आला पाहिजे. तीन डोंगर एक दरी चालेल, दोन-दोन चालणार नाही. दुसरी, बिंदूभोवतीचे कोन कोनमापकानं मोजा आणि एक सोडून एक अशी बेरीज करा, १८० यायला हवी. पहिल्याला माएकावाचं आणि दुसऱ्याला कावासाकीचं प्रमेय म्हणतात. हे नियम पूर्ण चपटं मिटायचं असेल तरच लागू, तुमचं मॉडेल अर्धवट उघडंच राहणार असेल तर एवढं कडक नाही. पण चपटं का होत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा पाच मिनिटं कोन मोजलेले बरे. माझ्या अनुभवात चूक एकाच बिंदूत असते आणि आपण सगळा कागद बदलतो.

सुरुवात कुठल्या पॅटर्ननं करू?

तीन सांगते, यातला एक घ्या आणि तोच मुरवा, तिन्ही अर्धे करू नका.

मिउरा. कोर्यो मिउरा या जपानी इंजिनिअरनं केलेली घडी, नकाशासारखी, दोन कोपरे धरून ओढलं की सगळा कागद एकदम उघडतो आणि ढकललं की एकदम मिटतो. १९९५ साली जपानच्या स्पेस फ्लायर युनिट या उपग्रहावर असा घडीचा सोलर पॅनेल अवकाशात उघडून बघितला होता. करायला सोप्पं, आधी कागदाला पंख्यासारख्या समान पट्ट्या पाडा (सात घ्या, विषम असल्या की दोन्ही कडा सारख्या दिसतात), मग मिटलेली पट्टी थोड्या तिरक्या कोनात नागमोडी दुमडा, पूर्ण उघडा, आणि मग एकेक आडवी ओळ घेऊन घडी उलटवत चला. उलटवणं हाच खरा खेळ आहे. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, मधे एकदा नक्की वाटतं की आता कागद फेकून द्यावा. फेकू नका, त्याच्या पुढच्याच ओळीत जमतं.

योशिमुरा. हिऱ्यासारखे चौकोन दिसतात. आडव्या समांतर रेघा दरी, तिरक्या रेघा डोंगर, प्रत्येक बिंदूत चार डोंगर दोन दऱ्या (फरक दोन, बघा!). पातळ नळीवर वरून दाब दिला की ती दबताना जी नक्षी पडते तीच ही. हातात घेतला की कागद आपोआप कमानीसारखा गोल होतो, म्हणून ज्यांना उभं राहणारं, छपरासारखं काही हवंय त्यांनी हा घ्यावा. ज्युरीला (म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांना) हमखास आवडतो, त्यामुळे सगळेच घेतात, त्यामुळे ज्युरीला कंटाळा पण येतो.

खोगीर. खरं नाव हायपरबोलिक पॅराबोलॉइड, आम्ही खोगीरच म्हणतो कारण घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखा दोन बाजूंनी वर आणि दोन बाजूंनी खाली वळतो. बाउहाउसच्या मुलांनी केलेलाच प्रकार. २४ सेंटीमीटरचा चौकोन घ्या, दोन्ही कर्ण दुमडा. आता कडेपासून ३, ६ आणि ९ सेंटीमीटरवर चारही बाजूंना दरी घड्या घाला, पण फक्त कर्णांच्या मधल्या भागात, कर्ण ओलांडून पुढे जाऊ नका. कागद उलटा करा, आता १.५, ४.५, ७.५ आणि १०.५ वर परत दरी. म्हणजे एका बाजूनं बघितलं तर डोंगर-दरी-डोंगर-दरी. मग बाहेरच्या चौकोनापासून आत चिमटीत पकडत चला, जशा साडीच्या निऱ्या धरतो तशा, चार पाकळ्यांचं एक मिटलेलं फूल होतं. ते सोडलं की कागद स्वतःहून वळतो. तुम्ही वळवायचा नाही, तो वळतो, आणि पहिल्यांदा बघितलं की अंगावर काटा येतो, मला आजही येतो.

गंमत म्हणजे एमआयटीचे एरिक डेमेन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी गणितानं दाखवलंय की नेमक्या एवढ्याच घड्यांनी, कागद जराही न ताणता, ही आकृती होऊच शकत नाही. म्हणजे आपला कागद कुठंतरी बारीक चुण्या पाडून किंवा जरा ताणून आपल्याला फसवतो. शाळेतला चौकोनी कागद इतका चालू असेल असं वाटलं नव्हतं.

वक्र घडी घालता येते का?

येते, आणि ती सगळ्यात सुंदर दिसते, पण घाई चालत नाही. ताट, डब्याचं झाकण, बांगडी, जे हाताशी असेल ते ठेवून रिकाम्या पेननं गोल स्कोअर मारा, एकात एक, एक सोडून एक डोंगर-दरी (दरीच्या रेघा मागच्या बाजूनं मारा, टाचणीनं केंद्राला भोक पाडलं की मागची जागा सापडते). मधला आणि बाहेरचा भाग कापून टाकायला इथं परवानगी आहे, एवढी एकच सूट. मग दोन्ही हातांच्या बोटांनी थोडं थोडं, सगळीकडून फिरत फिरत चिमटा. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडतो तसंच, एका ठिकाणी जोर लावला की तिथंच फाटतं. ज्यांना मोदक जमतात त्यांना हे पहिल्याच दिवशी जमतं, हे मी गमतीनं म्हणत नाहीये, बॅचमधली दोन पोरं अशी होती.

वेट फोल्डिंग करू का? रीलमध्ये बघितलं.

योशिझावाचीच पद्धत, जाड कागद किंचित ओला करून दुमडायचा, वाळला की आकार तसाच धरून बसतो, गोलाई छान येते. फक्त "ओला" म्हणजे ओल्या फडक्यानं पुसलेला, नळाखाली धरलेला नाही. पण सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये वेट फोल्डिंग म्हणजे धुणं वाळत घातल्यासारखं आहे, तिसऱ्या दिवशीही दमटच. डिसेंबरात करा.

पावसाळ्यात मॉडेल रात्रीतून ढिलं पडतं, काय करू?

आपल्याकडं पावसाळ्यात सगळे आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारतात, मी मुलांना सांगते हवेतला ओलावा पण बघा. कागदाचे तंतू ओलावा पितात आणि फुगतात, ग्रेनला आडवे जास्त फुगतात, त्यामुळे घड्या उघडतात आणि सरळ कडा वाकते. उपाय असा की घड्या झाल्या की मॉडेल पूर्ण मिटवून वर जाड पुस्तकांचं वजन ठेवून एक रात्र ठेवा, सबमिशनच्या सकाळी उघडा. डब्यात बुटाबरोबर आलेली ती सिलिका जेलची पुडी टाका. खिडकीजवळ आणि फ्रिजवर ठेवू नका. हेअर ड्रायर चालतो पण लांबून.

मी स्वतः पहिल्या वर्षाला असताना माझं दोन आठवड्यांचं काम ज्युरीच्या टेबलावर हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसलं. पडलं नाही, बसलं, म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसं. बाहेर धो धो पाऊस, हॉलच्या खिडक्या उघड्या. एक परीक्षक म्हणले, "हे डायनॅमिक आहे का?" मी हो म्हणून टाकलं. मार्क काही मिळाले नाहीत.

तासगाव, पलूस, जतवरून एसटीनं येतो, मॉडेल कसं आणायचं?

मिटवून आणा, इथं येऊन उघडा. मिटत नसेल तर मिठाईच्या मोठ्या खोक्यात किंवा बुटाच्या डब्यात, आजूबाजूला वर्तमानपत्राचे बोळे. मांडीवर ठेवा, वरच्या रॅकवर नको, तिथं कुणाची तरी ऊसाची मोळी येतेच. आणि एक जादा कागद स्कोअर मारून सोबत ठेवा, वाटेत काही झालंच तर क्लासमध्ये वीस मिनिटांत दुसरं उभं करता येतं.

युट्यूबवरचं बघून तसंच केलं तर?

शिकायला करा, बिनधास्त. सबमिशनला तेच ठेवायचं असेल तर कुणाचा पॅटर्न ते शीटवर लिहा, पॅटर्न करणाऱ्याची मेहनत असते. आणि त्यात तुमचं काय ते दाखवा. पट्ट्यांची रुंदी हळूहळू कमी करा, कोन बदला, निम्मा कागद कोराच सोडा. पंख्याच्या घड्या एका टोकाला एक सेंटीमीटर आणि दुसऱ्या टोकाला तीन केल्या तरी सगळं मॉडेल वळतं, करून बघा.

सोनोबे चालेल का? तीस तुकड्यांचा गोळा?

नाही, ते मॉड्युलर, तुकडे एकमेकांत खोचलेले. इथं एकच कागद. दुसऱ्या सेमिस्टरला करू.

कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडत नाही हे खरं का?

अर्ध्यावर अर्धा करत गेलं तर साध्या कागदाला सातव्या घडीला १२८ थर होतात, म्हणून हात टेकतो. पण अमेरिकेत ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळकरी मुलीनं २००२ साली लांबच्या लांब टॉयलेट पेपर घेऊन बारा घड्या घातल्या, आधी गणित मांडून. असाइनमेंटशी याचा संबंध नाही, तरी दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

हे सगळं जपानी का? आपल्याकडं काही नाही?

आहे की. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्येच कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं होतं, पट्टी-कंपास न वापरता, ते पुढं परदेशातही वाचलं गेलं. आणि घरात बघा, नऊवारीच्या निऱ्या, विड्याच्या पानाची घडी, आकाशकंदील, पावसातली होडी. आजीला विचारा, तिला नावं माहीत नसतील पण हात माहीत आहे.

फोटो कसा काढू?

खिडकीशेजारी, सकाळी, एका बाजूनं उजेड. समोरून फ्लॅश मारला की सगळ्या घड्या गायब. मागं काळा किंवा करडा कार्डशीट लावा. मागं गॅसची शेगडी आणि कॅलेंडर नको.

सबमिशननंतर मॉडेल परत मिळतं?

मिळतं, सोमवारी घेऊन जा. दिवाळीपर्यंत कोणी नेलं नाही तर आम्ही त्यात एलईडी बल्ब सोडून क्लासच्या दारात लटकवतो, पणती किंवा साधा बल्ब अजिबात नाही, कागद आहे. गेल्या वर्षीचं एक खोगीर अजून दारावर आहे, धूळ बसलीय, एक कोपरा उंदरानं खाल्लाय, पण वळण तसंच आहे.